‘हिट रेशो ९५ टक्के’ : मॅन्युअलमधला नियम आणि आपला प्रयोग

मायएसक्यूएलच्या एनडीबी क्लस्टरवर काम करणाऱ्याला मॅन्युअलमधलं ‘डिस्कपेजबफर’ या टेबलाचं पान कधी ना कधी उघडावंच लागतं. तिथे एक छोटी क्वेरी आणि एक सरळ नियम दिलाय: हिट रेशो ९५ टक्क्यांच्या खाली असेल, तर बफरची मेमरी वाढवा. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे पुरेसं असेल. पण तुम्ही या आकड्यावरून प्रबंधात निष्कर्ष काढणार असाल, तर जरा थांबा.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनडीबी मुळात एरिक्सनमध्ये टेलिकॉमसाठी घडलेला, डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस. इंडेक्स नसलेले कॉलम डिस्कवर ठेवायची सोय नंतर आली. डिस्कवरची ३२ केबीची पानं मेमरीत ज्या जागेत आणतात, ती म्हणजे डिस्क पेज बफर. सिल्बरशाट्झ, कोर्थ आणि आयआयटी मुंबईचे एस. सुदर्शन यांच्या पुस्तकात बफर मॅनेजर वाचला असेल, तर कल्पना तीच. इथे फक्त प्रत्येक डेटा नोडचा बफर वेगळा. डीफॉल्ट ६४ एमबी, म्हणजे साधारण २,०४८ पानं.

आता त्या क्वेरीकडे बघू. बफरमध्ये लगेच मिळालेली पानं भागिले (लगेच मिळालेली + डिस्कवरून आणावी लागलेली). यात तीन अडचणी आहेत.

पहिली: हे आकडे नोड सुरू झाल्यापासूनची बेरीज आहेत. समजा, दहा वाजता ‘लगेच मिळालेली’ ९,९०,००० आणि ‘डिस्कवरून’ १०,००० आहेत. रेशो ९९. पाच मिनिटांनी तेच आकडे ९,९८,००० आणि १२,००० झाले. क्वेरी सांगते ९८.८, सगळं ठीक. पण त्या पाच मिनिटांपुरतं पाहा: ८,००० आणि २,०००. म्हणजे ८० टक्के! वणीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग वर्षभराच्या सरासरीने मोजली, तर ऐन हंगामात शेतकरी किती वेळ ताटकळला ते कळणार नाही. तसंच हे.

दुसरी: टेबलात ‘वेट क्यू’ नावाचा आणखी एक कॉलम आहे. पान बफरमध्ये उपलब्ध होईपर्यंत थांबलेल्या विनंत्या त्यात मोजल्या जातात. क्वेरी तो धरतच नाही. वरच्या पाच मिनिटांत अशा १,००० विनंत्या असतील, तर लगेच मिळण्याचं प्रमाण ८० वरून ७२.७ वर येतं. गर्दीच्या वेळी नेमकी हीच माहिती हवी असते.

तिसरी: ९५ ही रेघ डिस्क कोणती ते विचारत नाही. हार्ड डिस्कवरून एक पान आणायला १० मिलिसेकंद लागले, तर ५ टक्के चुकांमुळे दर विनंतीला सरासरी ०.५ मिलिसेकंद वाढतात. एसएसडीला ०.१ मिलिसेकंद लागत असेल, तर हीच वाढ ०.००५. रेशो सारखाच, फरक शंभरपट.

यातून प्रयोगात एक सापळा तयार होतो. मेमरी वाढवली की ती लागू व्हायला सगळे डेटा नोड एकेक करून रीस्टार्ट करावे लागतात. रीस्टार्ट झाला की मोजणी शून्यावर आणि बफरही रिकामा. मग ‘आधी ९६, नंतर ९३, म्हणजे मेमरी वाढवून उपयोग नाही’ असं लिहिणारा मुरलेल्या बफरची तुलना कोऱ्या बफरशी करतोय.

मग करायचं काय? ठरावीक अंतराने टेबलाची नोंद घ्या आणि लागोपाठच्या नोंदींची वजाबाकी करा. प्रत्येक नोड वेगळा दाखवा, कारण सरासरीत एखादा अडलेला नोड लपतो. वेट क्यू धरा. रीस्टार्टनंतर बफर भरेपर्यंतचा काळ बाजूला काढा आणि किती काढला ते लिहा. आवृत्ती ८.० मध्ये ‘डिस्कस्टॅट’ हे टेबल आलंय, ते मागच्या एका सेकंदाचं चित्र देतं. ‘डिस्कस्टॅट्स_१सेक’ मागच्या वीस सेकंदांचं. ही दोन्ही सोबत ठेवा. आणि क्वेरीला लागलेला वेळ नेहमी रेशोच्या शेजारी छापा.

मॅन्युअलचा नियम टाकाऊ नाही. ताप आहे की नाही हे थर्मामीटर सांगतो, तेवढं काम तो करतो. आजाराचं नाव मात्र त्याच्यावर लिहिलेलं नसतं. परीक्षक विचारतील, ‘हा ९५ कुठून कुठपर्यंतचा?’ त्याचं उत्तर आजच वहीत लिहून ठेवा.