निवडणे म्हणजे नेमके काय? गेम बॉय आणि त्याचे प्रतिस्पर्धी

आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की तत्त्वज्ञानाच्या माणसाला हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमशी काय देणेघेणे. देणेघेणे आहे. 'दोन वस्तूंपैकी चांगली कोणती' हा प्रश्न आम्हाला तपासायचा आहे आणि त्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला सापडले नाही. यंत्रे दीड-दोन वर्षांच्या अंतराने आलेली, काम एकच, किमती ठाऊक, आणि निकालही लागून गेलेला. या स्पर्धेची जी समीक्षा सगळीकडे वाचायला मिळते तिच्यावर आमचा आक्षेप आहे. तो आज मांडतो.

आधी यंत्रे बघू. निन्टेन्डोचा गेम बॉय जपानमध्ये एप्रिल १९८९ मध्ये आला आणि अमेरिकेत त्याच वर्षी जुलैअखेर. तिथली किंमत साधारण ९० डॉलर. चार पेन्सिल सेल घातले की पंधराएक तास चालायचा. पडदा हिरवट, छटा फक्त चार, आणि पडद्यामागे दिवा नाही. म्हणजे अंधारात यंत्र चालू असूनही काही दिसायचे नाही. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला. रंगीत, मागून उजळणारा पडदा, पण किंमत जवळजवळ दुप्पट, सेल सहा, आणि ते चार-पाच तासांत संपणार. मग सेगाचा गेम गियर, जपानमध्ये १९९० ला आणि अमेरिकेत १९९१ ला. तोही रंगीत, तोही उजेडाचा, दीडशे डॉलरचा, आणि सहा सेल तितक्याच वेगाने खाणारा. त्याला एक जोडणी लावली की चक्क टीव्ही दिसायचा.

आता समीक्षक काय करतात, तर तक्ता मांडतात. रंग, उजेड, किंमत, सेल, वजन. तक्त्यातले बहुतेक तांत्रिक रकाने गेम बॉयच्या विरुद्ध जातात. आणि विकले काय गेले? गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून सुमारे ११ कोटी ८७ लाख. गेम गियर एक कोटीच्या थोडा वर. मग तेच समीक्षक तक्ता फिरवतात. सेलच्या रकान्याला जास्त गुण, किमतीला जास्त गुण, रंगाला कमी, आणि सांगतात की बघा, गेम बॉयच श्रेष्ठ होता. आम्ही म्हणतो, ही समीक्षा नव्हे. निकाल कळल्यावर गुणपत्रिका दुरुस्त करण्याचा हा प्रकार आहे.

यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. कोणते यंत्र जास्त खपले, हा एक प्रश्न. कोणी बरोबर निवडले, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. लिंक्सची एक गोष्ट बघा. ते यंत्र उलटे धरून खेळता येत असे. पडद्यावरचे चित्रही उलटून सरळ होई. कशासाठी? डावखुऱ्यांसाठी. तक्त्यात याला एक ओळ मिळते, तीही शेवटची. पण एखाद्या डावखुऱ्या मुलीने त्यासाठीच लिंक्स घेतला असेल, तर तिचे चुकले असे खपाचे कोणते आकडे सांगणार आहेत?

जोसेफ राझ या तत्त्वज्ञाने 'दि मोरॅलिटी ऑफ फ्रीडम' या १९८६ च्या ग्रंथात अशा तोलाचा विचार केला आहे. त्याची कसोटी आमच्या उदाहरणावर लावून पाहू. समजा एकीकडे रंग आहे, दुसरीकडे दहा तास जास्त खेळ आहे, आणि यातले काय बरे हे तुम्हाला ठरवता येत नाही. तुम्ही म्हणाल, मग दोन्ही सारखेच. ठीक आहे. आता एका यंत्राची किंमत पाच डॉलरने उतरवा. दोन्ही खरोखर सारखे असते तर तराजू तिकडे झुकायला हवा. झुकतो का? नाही झुकत, तुम्ही अजूनही अडलेलेच. म्हणजे दोन्ही 'सारखे' नव्हतेच. त्यांना मोजायला एक माप नाही, एवढेच. आणि तक्ता मुळात माप एकच आहे असे धरून चालतो. सगळ्या रकान्यांची बेरीज करतो ना तो!

मग लोक निवडतात कसे? इथे आम्हाला आपल्या भाषेची मदत होते. मराठीत 'निवडणे' हे क्रियापद स्वयंपाकघरातून येताना वेगळा अर्थ घेऊन येते. तांदूळ निवडतात म्हणजे उत्तम दाणे शोधत नाहीत, खडे काढतात. भाजी निवडतात म्हणजे किडके पान, जून देठ बाजूला करतात. कळा पाहून तांदूळ घेणे निराळे आणि तांदूळ निवडणे निराळे.

गेम बॉयच्या बाबतीत आमच्या मते हेच घडले असावे. त्यात खडे नव्हते असे नाही. दिवा नसणे हा चांगला मोठा खडा. पण तो चुकवता येत होता. खिडकीपाशी बसा, दिव्याखाली बसा. दर चार तासांनी सहा सेल, हा खडा चुकवता येत नाही. तो प्रत्येक घासाला दाताखाली येतो. शिवाय तो कोणाच्या दाताखाली येतो हेही बघा. खेळणार मूल, सेलचे पैसे देणार आईबाप. निवडणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे या व्यवहारात जागोजागी आहे, आणि तक्त्याला त्यासाठी रकानाच नाही.

गेम बॉयचा निर्माता गुनपेई योकोई. जुनी, मुरलेली, स्वस्त झालेली तंत्रे घ्यायची आणि त्यांचा नवा उपयोग शोधायचा, हे त्याचे घोषित सूत्र होते. मुरलेल्या लोणच्यासारखे म्हणा. त्यात भर पडली टेट्रिसची. हा खेळ मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्हने १९८४ मध्ये रचलेला, आणि अमेरिकेत तो गेम बॉयबरोबरच मिळे. टेट्रिसला रंगाची गरज नाही. म्हणजे एका यंत्राचा दोष दुसऱ्या एका गोष्टीने दोष राहू दिला नाही. (आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात '९९९९ इन १' छापलेला ब्रिक गेम मिळायचा, तो याच टेट्रिसचा गरीब भाऊ. त्यालाही रंग नव्हता, आणि त्यावाचून कोणाचे अडल्याचे आम्हाला आठवत नाही.)

आणखी एक गोष्ट आहे, ती आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. गेम बॉयला दुसरा गेम बॉय तारेने जोडता येई. लिंक्सलाही तार होती, आणि कागदावर तर त्याला कितीतरी जास्त यंत्रे जोडता येत. पण शेजारच्या बाकावर लिंक्स असायला हवा ना! १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन आला. त्याची रेड आणि ग्रीन अशी दोन रूपे, आणि एकातले काही प्राणी दुसऱ्यात नाहीतच. देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पुरा होत नाही. आता मूल यंत्र निवडते की सवंगडी? आमचे म्हणणे, सवंगडी. आणि मग 'तू तुझ्या आवडीने निवड' या उपदेशात फारसा अर्थ उरत नाही, कारण आवड एकट्याची नाहीच.

कोणी म्हणेल, सर, हे सगळे साधेपणाचे गोडवे चालले आहेत. साधे, स्वस्त, काटकसरी तेच जिंकते असे तुम्हाला म्हणायचे आहे. मुळीच नाही. २००४ सालचे उदाहरण घ्या. निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी काही आठवड्यांच्या अंतराने आले. पीएसपीचा पडदा मोठा आणि देखणा. डीएसला दोन लहान पडदे, त्यातला एक बोटाने किंवा काडीने चालणारा. डीएस १५ कोटींवर गेला म्हणून पीएसपी 'हरला' असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. अहो, पीएसपीही कोट्यवधी विकला गेला! जपानमध्ये मुले चौघे-चौघे जमून त्यावर मॉन्स्टर हंटर खेळत. त्यांना कोणी जाऊन सांगावे की तुम्ही हरलेले यंत्र घेऊन बसला आहात?

आणि उलट बाजूचेही उदाहरण आहे, ते योकोईचेच. निन्टेन्डो सोडल्यावर त्याने बान्दाई कंपनीच्या वंडरस्वानच्या घडणीत भाग घेतला. ते यंत्र १९९९ मध्ये जपानमध्ये आले तेव्हा योकोई हयात नव्हता. १९९७ मध्ये तो अपघातात गेला. किंमत ४८०० येन. आडवे धरा, उभे धरा. एका पेन्सिल सेलवर चाले, एका! गेम बॉय ज्या गुणांनी जिंकला असे तक्तेवाले सांगतात, ते सगळे गुण याच्यात होते, काही तर जास्तच. पण पोकेमॉन समोरच्या पक्षात होता, आणि पोरेही तिकडेच होती. वंडरस्वान जपानबाहेर फारसा गेलाच नाही. या यंत्राचा रकाना तक्तेवाले कसा भरतात, ते आम्हाला पाहायचे आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर माईक मागच्या रांगेपासून फिरवा, पुढचे लोक नेहमीच बोलतात.