वनबीबीची कथा आणि अरण्याची मर्यादा

लोककथा निसर्गाचे रक्षण करतात, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु कथा हे कार्य कोणत्या रीतीने करते, याची चिकित्सा क्वचितच होते. कथेतून बोध वेगळा काढून तोच तिचा अर्थ मानण्याची पद्धत सुंदरबनातील वनबीबीच्या कथेपुढे अपुरी पडते.

मध गोळा करणारे मौले, लाकूडतोडे आणि कोळी यांच्यात प्रचलित असलेली ही कथा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘बोनबीबी जहुरानामा’ या नावाने पयार छंदात ग्रथित झाली. मुन्शी महंमद खातेर यांची संहिता त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. कोलकात्याच्या बटतला छापखान्यांतून निघणाऱ्या स्वस्त पोथ्यांच्या परंपरेतील ही कृती आहे. तिची भाषा बंगाली, पण पाने अरबी ग्रंथाप्रमाणे उजवीकडून उघडायची. हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही समाज तिचे श्रोते आहेत.

दुखे हा गरीब विधवेचा मुलगा. धोना नावाचा व्यापारी त्याला मधाच्या मोहिमेवर नेतो. व्याघ्ररूप धारण करणारा दक्षिणराय मध आणि मेण यांच्या बदल्यात त्या मुलाची मागणी करतो आणि धोना ती मान्य करतो. आईने सांगितल्याप्रमाणे दुखे वनबीबीचा धावा करतो व वाचतो. मात्र दक्षिणरायाचा वध होत नाही. गाजीच्या मध्यस्थीने समेट होतो. कृष्णराम दास यांच्या ‘रायमंगल’ (१६८६) काव्यात हाच दक्षिणराय पूज्य देव आहे. जहुरानामा त्याचे श्रेष्ठत्व काढून घेतो, स्थान काढून घेत नाही. कथेचे मर्म या समेटात आहे. रिकाम्या हातांनी व निर्मळ मनाने अरण्यात शिरावे, गरजेपुरतेच घ्यावे, हा मौल्यांचा आचार त्यातूनच अर्थपूर्ण होतो. वाघबारशीला वाघदेवाची पूजा करणाऱ्या वारल्यांनाही हा भाव अपरिचित नाही.

सुंदरबनात १९७३ साली व्याघ्रप्रकल्प आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान आले. कायद्यानेही अरण्याला मर्यादा घातली. पण कथेतील मर्यादेत दुखेच्या भुकेचा विचार आहे. १९७९ साली मरिचझापी बेटावरील निर्वासितांना राखीव वनाच्या नावाखाली बळाने हुसकावण्यात आले, तेव्हा त्या विचाराचा अभाव उघड झाला. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ (२००४) या कादंबरीत वनबीबी आणि मरिचझापी एकत्र येतात, ते म्हणूनच औचित्यपूर्ण वाटते.

या कथेचे जतन केवळ पोथी छापून वा ध्वनिमुद्रण करून होणार नाही. अरण्यात शिरण्यापूर्वी वनबीबीचे नाव घेणारा मनुष्य तेथे उपजीविका करू शकला, तरच तिचा अर्थ टिकेल. त्या मनुष्याला वगळून केलेले अरण्याचे रक्षण आणि त्याच्यावाचून केलेले कथेचे जतन, दोन्ही सारखीच अपुरी आहेत.