शत्रुराष्ट्रातील हेरगिरी : कौटिल्याचा विचार आणि कारगिल आढावा समितीचा अहवाल

प्रास्ताविक

शत्रुत्व बाळगणाऱ्या राष्ट्राच्या अंतर्गत हालचाली गुप्तपणे जाणून घेण्याचा अधिकार शासनाला असावा काय, हा प्रश्न राज्यशास्त्रात जितका जुना आहे तितकाच नीतिशास्त्रात वादग्रस्त आहे. त्याचे उत्तर बहुधा दोन टोकांवरून दिले जाते. एका पक्षाच्या मते राष्ट्रसंरक्षण हे शासनाचे आद्य कर्तव्य असल्याने तेथे साधनशुचितेचा विचार गौण ठरतो. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्या कृत्याचे साधनच कपट आहे, ते राज्यसंस्थेने केले म्हणून नैतिक होत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा दोन ग्रंथांच्या आधारे केली आहे : कौटिलीय अर्थशास्त्र आणि कारगिल आढावा समितीचा अहवाल. कालदृष्ट्या हे ग्रंथ परस्परांपासून अत्यंत दूर असले तरी दोहोंचा विषय एकच आहे. शत्रूविषयीची माहिती मिळवावी हे दोघांनाही मान्य आहे. ती विश्वसनीय कशी ठरवावी, ही दोघांपुढील खरी अडचण आहे.

विरोधी पक्षाची बाजू

हेरगिरीवरील आक्षेप केवळ भाबडेपणाचा नाही. इमॅन्युएल कांटने १७९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शाश्वत शांततेवरील निबंधात मारेकरी, विषप्रयोग आणि फितुरी यांबरोबरच हेरांच्या वापराचाही निषेध केला. त्याचा युक्तिवाद असा की, असे उपाय युद्धापुरते मर्यादित राहत नाहीत. ते शांतताकाळातही चालू राहतात आणि राष्ट्राराष्ट्रांतील विश्वासच अशक्य करून टाकतात. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी १९२९ मध्ये परकीय संदेशांची सांकेतिक लिपी उकलणाऱ्या विभागाचे अर्थसाहाय्य बंद केले, त्यामागेही सभ्यतेचा हाच संकेत होता. परंतु तेच स्टिम्सन दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युद्धमंत्री असताना जपानी संदेशांच्या उकलीवर विसंबून होते. यातून त्यांचा दांभिकपणा सिद्ध होत नाही. आक्रमणाची शक्यता खरी असते तेव्हा अज्ञान हेही निरपराध राहत नाही, एवढेच यातून दिसते. ज्या शासनाला शत्रूची सिद्धता ठाऊक नसते, त्याच्या अज्ञानाची किंमत सीमेवरील सैनिक आणि नागरिक मोजतात.

कौटिल्याची पद्धती

आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी चिकित्सापूर्वक संपादित केलेल्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात गूढपुरुषांचा विचार येतो. एका ठिकाणी राहून काम करणारे आणि संचार करणारे असे हेरांचे दोन वर्ग कौटिल्य करतो. विद्यार्थी, गृहस्थ, व्यापारी, तापस अशा वेषांची त्याने केलेली नोंद सुपरिचित आहे. त्या मानाने दुर्लक्षित राहिलेला भाग पडताळणीचा आहे. हेरांनी परस्परांना ओळखू नये आणि तिघांच्या वार्तेत एकवाक्यता आढळली तरच ती ग्राह्य मानावी, असा त्याचा दंडक आहे. ज्यांच्या वार्ता वारंवार विसंगत ठरतात त्यांना गुप्तपणे शिक्षा करण्यास तो सांगतो. हेराच्या धाडसावर कौटिल्याचा भर नाही. कोणत्याही एका हेरावर राजाने विसंबू नये, यावर आहे.

तथापि कौटिल्याचा विचार जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. त्याच्या व्यवस्थेत वार्ता आणणारा, मारेकरी आणि विषप्रयोग करणारा हे एकाच यंत्रणेचे घटक आहेत. जाणणे आणि मारणे यांत तो भेद करीत नाही. शत्रूकडे पाठवलेल्या उभयवेतन हेराची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावीत, असेही तो सांगतो. शिवाय शत्रूवर जशी नजर, तशीच स्वतःच्या अमात्यांवर आणि प्रजेवरही. पडताळणीची सारी सिद्धता राजाच्या हितासाठी आहे. राजाला जाब विचारणारा कोणी तेथे नाही.

कारगिलचा धडा

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या अनुभवानंतर भारताने १९६८ मध्ये परराष्ट्रविषयक गुप्तवार्तेसाठी ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन केली. त्यानंतर तीन दशकांनी कारगिल घडले. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जुलै १९९९ मध्ये नेमलेल्या आढावा समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, सुरक्षेच्या कारणास्तव काही भाग वगळून, संसदेपुढे ठेवण्यात आला. पाकिस्तानी घुसखोरी भारताला सर्वस्वी अनपेक्षित होती, असा समितीचा निष्कर्ष आहे. मे १९९९ च्या आरंभी तिची पहिली खबर मिळाली ती स्थानिक मेंढपाळांकडून.

अहवालाचे मोल केवळ दोषदिग्दर्शनात नाही. माहितीचा सर्वस्वी अभाव होता असे तो म्हणत नाही. सप्टेंबर १९९८ अखेरच्या सहामाहीच्या मूल्यांकनात पाकिस्तानकडून मर्यादित, वेगवान आक्रमण होण्याची शक्यता नोंदवली होती. पुढच्या सहामाहीच्या मूल्यांकनात तिचा उल्लेखच उरला नाही. समोरच्या क्षेत्रातील पलटणींची ओळख आणि त्यांची ये-जा यांविषयीची माहिती अपुरी होती. परदेशातील मानवी स्रोतांकडून येणाऱ्या वार्तेवर एकाच संस्थेची जवळजवळ मक्तेदारी होती आणि विविध संस्थांच्या वार्ता एकत्र तपासणाऱ्या संयुक्त गुप्तवार्ता समितीला पुरेसे महत्त्व नव्हते, असे समितीला आढळले. कौटिल्याने सांगितलेली तिघांची एकवाक्यता शोधणारी जागाच दुबळी होती, असा याचा अर्थ होतो.

त्याच युद्धातील दुसरी घटना हेरगिरीच्या बाजूने साक्ष देते. बीजिंगमध्ये असलेले पाकिस्तानचे लष्करप्रमुख परवेझ मुशर्रफ आणि रावळपिंडीतील त्यांचे सहकारी महंमद अझीझ खान यांची २६ आणि २९ मे १९९९ ची दूरध्वनीवरील संभाषणे भारताने टिपली. ११ जून रोजी ती जाहीर करण्यात आली. घुसखोर हे केवळ मुजाहिदीन आहेत, हा पाकिस्तानचा दावा त्यामुळे खिळखिळा झाला. येथे गुप्तपणे मिळालेल्या माहितीने युद्ध वाढवले नाही. असत्य उघडे पाडून राजनैतिक मार्गाला बळ दिले.

एका स्रोताचा धोका

याच्या उलट उदाहरण इराकचे आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेने सुरक्षा परिषदेपुढे फिरत्या जैविक अस्त्रनिर्मिती केंद्रांचे जे चित्र मांडले, त्याचा मुख्य आधार जर्मनीत आश्रय घेतलेल्या, ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाच्या एका इराकी व्यक्तीचे कथन होते. ते पुढे खोटे ठरले. कारगिलमध्ये इशारा विरून गेला, तर इराकबाबत खोट्या वार्तेलाच प्रमाण मानले गेले. दोन्ही ठिकाणी उणीव पडताळणीची होती. सत्ताधाऱ्यांच्या मनात निर्णय आधीच झालेला असेल, तर गुप्तवार्ता ही ज्ञान न राहता निमित्त बनते.

अहवालाची मर्यादा

कारगिल अहवालानंतर मंत्रिगटाची नेमणूक झाली आणि संरक्षण गुप्तवार्ता संस्थेसारख्या नव्या यंत्रणा उभ्या राहिल्या. परंतु अहवालाचा मुख्य भर, वार्तेची गरज असलेल्या अधिकाऱ्यापर्यंत ती पोहोचावी कशी, यावर आहे. या यंत्रणेने नागरिकांना कोणत्या मार्गाने उत्तरदायी राहावे, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकेत १९७५ च्या चर्च समितीने परकीयांसाठी उभारलेली यंत्रणा स्वदेशातील नागरिकांवर कशी वळवली गेली हे दाखवून दिले आणि त्यानंतर काँग्रेसच्या कायमस्वरूपी देखरेख समित्या आल्या. ब्रिटनने १९९४ च्या कायद्याने संसद सदस्यांची समिती स्थापन केली. भारतात मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये या हेतूने मांडलेले खासगी विधेयक कायद्यात रूपांतरित झाले नाही. कौटिल्याचा राजा जसा कोणाला जाब देत नाही, तशीच ही उणीव आहे.

दुसरी उणीव प्रत्यक्ष हेराविषयीची आहे. १९०७ च्या हेग नियमांनी शत्रूची माहिती मिळवण्याचे उपाय युद्धात अनुज्ञेय मानले, परंतु पकडलेल्या हेराला शिक्षा करण्याचा अधिकारही मान्य केला. अट एवढीच की खटल्याविना शिक्षा नको. राज्य जे करू शकते, त्याची शिक्षा व्यक्ती भोगते. कुलभूषण जाधव हे हेर असल्याचा पाकिस्तानचा आरोप भारताने फेटाळला आहे. त्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये स्पष्ट केले की, हेरगिरीचा आरोप असला तरी वाणिज्यदूताच्या भेटीचा हक्क नाकारता येत नाही. बायकामुले ओलीस ठेवणाऱ्या विचारापासून हे अंतर मोठे आहे.

समारोप

शत्रुराष्ट्राविषयी गुप्तपणे माहिती मिळवणे हे शासनाचे समर्थनीय कर्तव्य आहे, कारण तेथील अज्ञानाचा भार सामान्यांवर पडतो. मात्र हे समर्थन जाणण्यापुरतेच आहे. हत्या, फसवे निमित्त किंवा स्वदेशीयांवरील पाळत यांना ते लागू होत नाही. कांटचा आक्षेप त्यामुळे निकालात निघत नाही. तो मर्यादा म्हणून कायम राहतो. वार्ता आणणाऱ्याखेरीज अन्य कोणी ती तपासणे, त्या साऱ्या व्यवस्थेला संसदेने तपासणे आणि पकडल्या गेलेल्या माणसाला राज्याने वाऱ्यावर न सोडणे, या तीन अटी पाळल्या गेल्या तरच लोकशाही शासनाला ही मुभा मागता येईल. पहिली अट कौटिल्याने सांगितली आणि कारगिलने तिची आठवण करून दिली. उरलेल्या दोन अटींची जबाबदारी आजच्या प्रजासत्ताकाची आहे.