न उच्चारलेली फारकत : सिड बॅरेट आणि पिंक फ्लॉइड

संस्थापक कलावंताला त्याच्याच समूहाने दूर केल्याची उदाहरणे रॉक संगीताच्या इतिहासात अनेक आहेत. मात्र अशा फारकतीने त्या समूहाच्या पुढील निर्मितीचा आशयच घडविला, असे पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडइतके ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. सिड बॅरेट (१९४६-२००६) याच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुतांशी दोन कथांभोवती फिरते. एक कथा अमली पदार्थांनी होरपळलेल्या प्रतिभावंताची, तर दुसरी यशासाठी मित्राला वाऱ्यावर सोडणाऱ्या सहकाऱ्यांची. दोन्ही कथा आकर्षक आहेत आणि दोहोंतही गाणी मागे पडतात. प्रस्तुत लेखात या फारकतीचा विचार मुख्यतः गाण्यांच्या आधारे करावयाचा आहे.

१९६५ मध्ये लंडनमध्ये हा बँड आकारास आला, तेव्हा रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे वास्तुकलेच्या शिक्षणाच्या निमित्ताने एकत्र आलेले होते. केंब्रिजहून आलेला बॅरेट चित्रकलेचा विद्यार्थी होता. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज कलावंतांच्या नावांतून बँडचे नाव त्यानेच जुळविले. १९६७ मध्ये आलेल्या 'अर्नॉल्ड लेन' व 'सी एमिली प्ले' या गाण्यांचा कर्ता तोच. त्यांपैकी दुसरे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत सहाव्या स्थानापर्यंत पोहोचले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' या पहिल्या अल्बममधील अकरा रचनांपैकी आठ एकट्या बॅरेटच्या आहेत. अल्बमचे शीर्षकही केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज' या बालकादंबरीतील एका प्रकरणाचे आहे.

या गाण्यांची प्रकृती येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बुजगावणे, सायकल, आईने वाचून दाखविलेल्या गोष्टी असे त्यांचे विषय. ब्रिटिश बँड अमेरिकन उच्चारांची नक्कल करीत असण्याच्या त्या काळात बॅरेट निःसंकोचपणे आपल्या इंग्लिश उच्चारात गात होता. त्याहून महत्त्वाची त्याची लय. त्याच्या गाण्यांत शब्द पुढे चालतात आणि ताल त्यांच्या मागे येतो. ओळ लांबली तर मात्रा वाढतात, ओळ आखूड झाली तर आवर्तन मध्येच तुटते. 'बाइक' हे गाणे ठेका धरून ऐकू पाहणाऱ्याची पंचाईत होते. मुलाने धावत येऊन एका दमात काही सांगावे, तशी त्याची गती आहे. चाल आधी बांधून तीत शब्द बसविणारा हा गीतकार नव्हता.

हा मुद्दा पुढील घटनांच्या अर्थनिर्णयासाठी कळीचा ठरतो. १९६८ च्या प्रारंभी एका सरावात बॅरेटने सहकाऱ्यांना एक नवे गाणे शिकवावयास घेतले आणि प्रत्येक वेळी ते बदलून, आता जमले का, असे तो विचारीत राहिला. हा प्रसंग बहुधा त्याच्या ढळत्या मनःस्थितीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. परंतु ज्या अस्थिरतेला वर्षभरापूर्वी नावीन्य म्हणून दाद मिळाली, तिलाच आता लक्षण म्हटले जाऊ लागले, हे नोंदविले पाहिजे. अर्थात, त्यामुळे आजार खोटा ठरत नाही. एल.एस.डी.चे अतिसेवन, रंगमंचावर न वाजविता उभे राहणे, नोव्हेंबर १९६७ मधील अर्ध्यावर सोडावा लागलेला अमेरिकेचा दौरा या गोष्टी सहकाऱ्यांच्या कथनांतून वारंवार आल्या आहेत. त्याच्या व्याधीचे निश्चित निदान मात्र सार्वजनिकरीत्या कधीच प्रस्थापित झाले नाही. तरीही अनेक समीक्षक वैद्याच्या थाटात लिहितात.

डेव्हिड गिलमोर हा केंब्रिजचा जुना मित्र बँडमध्ये आला आणि जानेवारी १९६८ मधील मोजके कार्यक्रम पाच जणांनी केले. बीच बॉइजमधील ब्रायन विल्सनप्रमाणे बॅरेटने रंगमंचावर न येता केवळ गाणी लिहावीत, असाही विचार झाला होता. तो टिकला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस साउथॅम्प्टनच्या कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत, सिडला घ्यावयास जायचे का, असा प्रश्न निघाला आणि जाऊ नये असे ठरले. ना चर्चा, ना पत्र, ना निरोप. अधिकृत घोषणा एप्रिलमध्ये झाली. पीटर जेनर आणि अँड्र्यू किंग हे व्यवस्थापक बँड सोडून बॅरेटबरोबर गेले. ज्याची गाणी त्याचाच बँड, हे त्यांचे गृहीतक. व्यवहारात ते साफ चुकले. १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण सातशेहून अधिक आठवडे राहिला.

बॅरेटला या घडामोडींचे भान नव्हते, हा समज 'जगबँड ब्लूज' या एका गाण्याने खोडून निघतो. ते ऑक्टोबर १९६७ मध्ये, म्हणजे गिलमोर येण्याच्याही आधी, ध्वनिमुद्रित झाले आणि १९६८ च्या 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' या अल्बमच्या अखेरीस आले. आपली दखल घेतल्याबद्दल अतिशय सभ्य आभार मानीत निवेदक त्याच सुरात आपण येथे नसल्याचे सांगतो. मध्येच साल्व्हेशन आर्मीचा पितळी वाद्यांचा ताफा शिरतो. या वादकांनी मनाला येईल ते वाजवावे अशी बॅरेटची इच्छा होती, तर निर्माता नॉर्मन स्मिथ याला लिहिलेली स्वररचना हवी होती. अखेर सगळा गोंगाट ओसरतो, एकटी गिटार उरते आणि गाणे एका अनुत्तरित प्रश्नावर थांबते. सौजन्य, गोंगाट, एकटेपण हा क्रम योगायोगाने साधणारा नव्हे. भ्रमिष्टाचा उद्गार म्हणून ज्याची बोळवण केली जाते, ते वस्तुतः अत्यंत सजग उपरोधाने रचलेले निरोपाचे गाणे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जे गाडीत बोलले गेले नाही, ते पुढे संगीतात आले. १९७५ च्या 'विश यू वेअर हिअर'मधील 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' ही नऊ भागांची, सुमारे सव्वीस मिनिटांची रचना बॅरेटला उद्देशून आहे. त्या अल्बमच्या कामाच्या वेळी, जून १९७५ मध्ये, मुंडण केलेला, भुवयाही काढलेला स्थूल बॅरेट ॲबी रोड स्टुडिओत येऊन बसला आणि सहकाऱ्यांनी त्याला ओळखले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यावर आणखी शाई खर्च करण्याचे कारण नाही. ऐकण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. शब्द कधीच संपलेले असताना, रचनेच्या अगदी शेवटी, राइटच्या कळफलकावर 'सी एमिली प्ले'ची चाल क्षणभर उमटते आणि विरते. वॉटर्सचे शब्द बॅरेटला दंतकथा बनवितात. राइट मात्र त्याला गीतकार म्हणून आठवतो. मला राइटची आठवण अधिक न्याय्य वाटते.

बॅरेटला बाजूला करण्याचा निर्णय चुकीचा होता, असे म्हणणे कठीण आहे. रोज रात्री कार्यक्रम करून जगणाऱ्या चौघांपुढे दुसरे मार्ग फारसे नव्हते. रीत मात्र समर्थनीय नव्हती. त्याची थोडीफार भरपाई करण्याचा प्रयत्न पुढे दिसतो. १९७० मध्ये बॅरेटचे दोन एकल अल्बम निघाले. पहिल्याच्या निर्मितीत गिलमोर व वॉटर्स यांचा, तर दुसऱ्याच्या निर्मितीत गिलमोर व राइट यांचा हात होता. त्यानंतर बॅरेटने संगीत जवळजवळ सोडले आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे केंब्रिजमध्ये चित्रे काढण्यात व बागकामात घालविली.

या इतिहासाचे एक दालन दीर्घकाळ बंद होते. बॅरेटने १९६७ मध्ये स्वतःच्या कपड्यांचे, स्वतःच्या अवताराचे निर्दय वर्णन करणारे 'व्हेजिटेबल मॅन' हे गाणे लिहिले होते. बँडने ते अधिकृतपणे प्रसिद्ध केले ते थेट २०१६ मध्ये, बॅरेटच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्याउलट २००१ मध्ये 'एकोज' हे निवडक गाण्यांचे संकलन निघाले, तेव्हा त्यातील सव्वीस गाण्यांत बॅरेटची पाच होती. 'विश यू वेअर हिअर'च्या लगेच नंतर 'जगबँड ब्लूज' ठेवलेले आहे. वॉटर्स गेल्यानंतरच्या काळातील, १९९४ चे 'हाय होप्स' घंटानादात संपल्यावर संकलन थांबत नाही. त्यापुढे, सर्वांत शेवटी, 'बाइक' येते.