न्यायालय उठल्यानंतर

यास्मिला झ्बानिच या बोस्नियन दिग्दर्शिकेचा ‘क्वो वादिस, आयडा?’ (२०२०) हा बोलपट जुलै १९९५ मधील स्रेब्रेनित्सा येथील संहारावर रचिलेला आहे. आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुसलमान पुरुष व मुलगे त्यांत मारले गेले. डच शांतिसैनिकांच्या छावणींत दुभाषाचें काम करणारी शिक्षिका आयडा पतीला व दोन मुलग्यांना वांचविण्यासाठीं जी धांवपळ करिते, ती यास्ना जुरिचिच या नटीनें विलक्षण संयमानें वठविली आहे. तथापि आमच्या मतें या कृतीचें खरें मोल तिच्या अखेरच्या भागांत आहे.

युद्ध संपून वर्षें लोटलीं आहेत. आयडा आपल्या जुन्या घरीं जाते, तों तेथें एक सर्ब कुटुंब नांदत आहे. घरची बाई जपून ठेवलेलीं छायाचित्रें तिच्या हातीं देते. आयडा तिला घर मोकळें करण्यास सांगते. आणि जिन्यांत भेटतो तो त्या दिवसांतील सर्ब अंमलदारांपैकींच एक.

घर परत मागण्याचा हक्क १९९५ च्या डेटन तहानें दिला होता. पण १९९९ मध्यें परराष्ट्रांनीं नेमिलेल्या उच्च प्रतिनिधीनें कायदे लादले, तेव्हां कोठें तो व्यवहारांत उतरूं लागला. भिंती परत मिळाल्या त्या बाहेरच्या धाकानें. जिन्यांतील माणसाचें काय? हेगच्या न्यायालयानें १९९३ पासून १६१ जणांवर आरोप ठेविले व २०१७ अखेर तें बंद झालें. जनरल म्लादिच २०११ मध्यें सर्बियांत पकडला गेला, आणि पुढच्याच वर्षीं सर्बियाला युरोपीय संघाच्या उमेदवारीचा मान मिळाला. (ज्याला सौदा म्हणावयाचें त्याला पश्चात्ताप म्हणण्याची मुत्सद्द्यांना हौस असते.) पुढें २०१७ मध्यें, कोसोव्होंतील गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगून आलेल्या जनरल लाझारेविचला त्याच देशाच्या लष्करी प्रबोधिनींत व्याख्यानें देण्यास पाचारण झालें.

झ्बानिचबाईंनीं न्यायालयाचें एकहि दृश्य घातलें नाहीं, हें कित्येकांना वैगुण्य वाटेल. आम्हांस तें औचित्य वाटतें. न्यायाधीश निघून जातात, शेजारी राहतो, आणि बाईंना त्या शेजाऱ्याविषयींच बोलावयाचें आहे. शाळेच्या समारंभाच्या शेवटच्या प्रवेशांत मात्र त्यांचा हात थोडा सैल सुटला आहे. मुलें हातांनीं डोळे झांकतात व उघडतात. हें रूपक फारच उघड आहे. ओळीनें मांडलेल्या अस्थींतून आयडा आपल्या माणसांचे अवशेष ओळखते, त्या प्रवेशानंतर त्याची गरज नव्हती. पण कॅमेरा प्रेक्षकांकडे वळतो, तेव्हां जिन्यांतला तो मनुष्यहि पालकांत बसलेला दिसतो, आणि बाजूस शिक्षिका म्हणून आयडा उभी असते.