भिंतीलगतचा उंदीर भित्राच असतो का?

तेल्हाऱ्याच्या बाजारपेठेत धान्याच्या कोठारात पिंजरा लावणारा माणूस तो मधोमध ठेवत नाही. भिंतीला लावून ठेवतो. उंदराची वाट त्याला ठाऊक असते. प्रयोगशाळांनीही ही वाट पाहिली. पण तिचा अर्थ लावताना घाई झाली, असे आम्हाला वाटते.

१९३४ साली अमेरिकेत कॅल्विन हॉल यांनी उंदरांना मोकळ्या रिंगणात सोडले आणि त्यांच्या लेंड्या व मूत्र यांवरून भीती मोजली. पुढे रिंगणाच्या मध्यभागी घालवलेला वेळही मोजला जाऊ लागला. मध्ये आला तर निर्धास्त, कडेला राहिला तर भ्यालेला! मोजायला सोपी म्हणून ही चाचणी जगभर रूढ झाली.

आमचा पहिला आक्षेप असा की, भिंत म्हणजे केवळ आडोसा नव्हे. उंदराची नजर अधू असते. अंधारात तो मिशांनी चाचपत जातो आणि भिंत त्याला दिशा देते. कडेजवळ येताच जाग्या होणाऱ्या पेशी त्याच्या मेंदूत असल्याचे २००८ साली नॉर्वेत मोझर यांच्या प्रयोगशाळेत दिसले.

दुसरा आक्षेप वेळेचा. इस्राएलमध्ये इलान गोलानी व सहकाऱ्यांनी लहान जातीच्या उंदरांना बिळासारख्या घरातून आपल्या मर्जीने बाहेर येऊ दिले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उंदीर आधी दारातूनच डोकावले, मग भिंतीलगत फिरले आणि त्यानंतर मध्यभागी शिरले. म्हणजे कड हा शोधाचा पहिला धडा ठरतो. पाच-दहा मिनिटांच्या चाचणीत आपण बहुधा तेवढाच धडा पाहतो.

भीतीचा वाटा मुळीच नाही, असे आम्ही म्हणत नाही. उघड्यावर घुबड आहे, मांजर आहे. डायझेपामसारख्या औषधाने उंदराचा मध्यभागी वावर वाढतोही. परंतु चिंताविकाराच्या रुग्णांना गुण देणाऱ्या इतर काही औषधांचा परिणाम या चाचणीत नीट दिसत नाही. केवळ हिच्यावर विसंबलो, तर उपयोगी औषध हातचे जायचे.

शिक्षकांनी शाळेच्या कोठीत रात्री जमिनीवर राख पसरावी व सकाळी मुलांना पावलांचे ठसे दुरून दाखवावेत (लेंड्यांना हात लावू देऊ नये). ठसे कडेने उमटले असतील, तर कोणीतरी 'उंदीर घाबरला' म्हणेलच. तेव्हा एवढेच विचारावे : हे तुला दिसले, की तू ठरवलेस?