चित्रपटांची श्रेष्ठता आणि तिच्या याद्या

जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता, या प्रश्नावर रसिकांत जेवढे वाद झडतात तेवढे श्रेष्ठ कादंबरीविषयी किंवा श्रेष्ठ नाटकाविषयी क्वचितच झडत असतील. वास्तविक ही कला सर्व कलांत वयाने धाकटी. १८९५ च्या डिसेंबरात ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला आणि पुढच्याच जुलैत हा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचला. घरातील धाकट्याला आपले मोठेपण वारंवार सिद्ध करावे लागते. कदाचित म्हणूनच या कलेला आपल्या श्रेष्ठांच्या याद्या करण्याचा छंद फार लवकर जडला. १९५८ मध्ये ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ११७ चित्रपट-इतिहासकारांचा कौल घेण्यात आला आणि आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ला (१९२५) अग्रपूजेचा मान मिळाला.

या सर्व याद्यांत अधिक प्रतिष्ठा पावली ती ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाची. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांचा कौल घेत आले आहे. पहिल्या खेपेस डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) पहिला आला. १९६२ मध्ये ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ने (१९४१) त्याची जागा घेतली, आणि २००२ च्या कौलापर्यंत ती कोणालाही सोडली नाही. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ (१९५८) वर आला. २०२२ मध्ये १,६०० हून अधिक जणांनी मत दिले आणि शांताल आकेर्मान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘जान दिएलमान’ (१९७५) पहिला ठरला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट या स्थानी येण्याची ती पहिलीच वेळ. त्यावर मोठी खळबळ उडाली. पॉल श्रेडर यांच्यासारख्या नामवंत पटकथाकार-दिग्दर्शकाने उघड नापसंती दर्शवली. कित्येकांनी हा न्यायाचा विजय मानला, तर कित्येकांनी रुचीचा अधःपात.

आमच्या मते दोन्ही पक्षांनी यादीकडे तिच्या सामर्थ्यापलीकडची अपेक्षा केली. यादी तयार कशी होते ते पाहावे. प्रत्येक मतदाराने दहा चित्रपटांची नावे द्यायची. त्या दहांत वरखाली क्रम मोजला जात नाही. ज्याचे नाव अधिक वेळा आले तो पहिला. २०१२ मध्ये ८४६ समीक्षकांपैकी १९१ जणांनी ‘व्हर्टिगो’चे नाव दिले. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक समीक्षकांना जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट पहिल्या दहांतही घ्यावासा वाटला नव्हता! ज्यांनी घेतला त्यांतील किती जण त्याला अव्वल मानत होते, हे या पद्धतीने कळणेच शक्य नाही. त्याच वर्षी दिग्दर्शकांचा स्वतंत्र कौल घेतला, तेव्हा ओझूचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) पहिला आला. पंच बदलले की निकाल बदलतो, असा याचा सरळ अर्थ.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य सेवाज्येष्ठतेच्या याद्या आणि गोपनीय अहवाल यांच्या सान्निध्यात गेले आहे. ज्येष्ठतायादीतील क्रमांक आणि माणसाची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना निराळे सांगावयास नको. यादीने बढतीचा प्रश्न सुटतो, योग्यतेचा सुटत नाही. तथापि म्हणून यादी निरर्थक ठरते असेही नाही. ती काहीतरी मोजतेच. काय मोजते, एवढेच नीट ओळखले पाहिजे.

कोणता चित्रपट लोकांना पाहायला आणि पुन्हा पुन्हा पाहायला मिळाला, हे यादी प्रथम मोजते. रन्वारच्या ‘रूल्स ऑफ द गेम’चे उदाहरण घ्या. १९३९ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी तो झिडकारला. दिग्दर्शकाने तो कापून आखूड केला, सरकारने त्यावर बंदी घातली आणि युद्धातील बाँबहल्ल्यात त्याची मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५२ च्या यादीत तो दहाव्या स्थानी होता. पुढे सापडतील तेवढे तुकडे जुळवून चित्रपट जवळजवळ मूळ रूपात आणला गेला व १९५९ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला. १९६२ च्या यादीत तो तिसरा आला. स्वतः ‘व्हर्टिगो’देखील वर्षानुवर्षे प्रदर्शनाबाहेर होता. १९८० मध्ये हिचकॉक वारला. त्यानंतर तीन-चार वर्षांत चित्रपट पुन्हा पडद्यावर आला, १९९६ मध्ये त्याची सुधारलेली प्रत निघाली, आणि १९८२ मध्ये इतरांसह सातव्या स्थानी असलेला हा चित्रपट २०१२ मध्ये पहिला झाला. ‘टोकियो स्टोरी’ निर्मितीनंतर तब्बल एकोणचाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, समीक्षकांच्या पहिल्या दहांत आला. तोवर ओझूला जाऊन जवळजवळ तीन दशके लोटली होती. या चित्रपटांची एकही चौकट मधल्या काळात नव्याने चित्रित झाली नव्हती. बदलली ती त्यांची उपलब्धता.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की मग श्रेष्ठता हा निव्वळ योगायोग ठरतो. हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. दर्शन सुलभ होणे ही परीक्षेला बसण्याची परवानगी आहे, उत्तीर्ण होणे नव्हे. उत्तम प्रती उपलब्ध असलेले हजारो चित्रपट कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. ‘सिटिझन केन’ टिकला त्याला कारण आहे. ग्रेग टोलंडच्या छायाचित्रणाने जवळची आणि दूरची वस्तू एकाच दृश्यात सारखीच स्पष्ट दिसते. आईवडील घरात बसून मुलाचे भवितव्य ठरवीत असतात आणि तो मुलगा मागच्या खिडकीतून बर्फात खेळताना दिसत राहतो. निर्णय आणि त्याचा बळी एकाच चौकटीत येतात. पंचविशीतल्या वेल्सने एका धनाढ्य माणसाचे आयुष्य पाच-सहा जणांच्या आठवणींतून उलगडले आणि तरीही तो माणूस शेवटी हाती लागत नाही. ही कारणे आज तपासून पाहिली तरी खरी ठरतात.

‘जान दिएलमान’चेही तसेच आहे. २०१ मिनिटांच्या या चित्रपटात ब्रसेल्समधील एका विधवेचे तीन दिवस आहेत. ती बटाटे सोलते, भांडी घासते, मुलाला जेवू घालते, आणि चरितार्थासाठी दुपारी घरी पुरुष घेते. कॅमेरा फारसा हलत नाही. पहिल्या दिवशी तिच्या हालचालींची शिस्त आपल्या अंगवळणी पडते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि आपण दचकतो. एवढ्याशा चुकीने प्रेक्षकाच्या काळजात धस्स व्हावे, ही किमया दुसऱ्या कोणत्या माध्यमाला अशी साधली असती, असे आम्हांस वाटत नाही. हा चित्रपट पहिला असावा की दहावा, हा वाद ज्याला घालायचा त्याने घालावा. जगात असंख्य घरांत रोज चालणारे काम या कलेने एवढ्या गांभीर्याने क्वचितच पाहिले होते, एवढे मात्र त्याच्या विरोधकांनीही मान्य करावयास हवे.

आणि नेमक्या याच ठिकाणी आम्हांस ‘संत तुकारामा’ची आठवण होते. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांनी दिग्दर्शिलेला, प्रभातचा हा १९३६ चा बोलपट १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. २०२२ च्या यादीतील पहिल्या शंभरांत मात्र भारतीय चित्रपट एकच आहे : सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५), पस्तिसाव्या स्थानी. त्याच्या थोरवीविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. ‘संत तुकाराम’ त्या पंक्तीला बसण्याच्या योग्यतेचा आहे, असे आमचे मत आहे. आणि ते मराठीपणाच्या अभिमानापोटी नव्हे, तर पुढील कारणांसाठी आहे.

चित्रपट तुकोबांचा असला तरी त्याचा तोल जिजाईने सांभाळला आहे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा भजनात इतके सहज विरघळतात की तो अभिनय वाटतच नाही. परंतु घरात धान्य नाही, मूल आजारी आहे, ही बाजू गौरीने उभ्या केलेल्या जिजाईची. ती एका हाताने आजारी मुलाला ओढीत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन देवळात शिरते आणि विठ्ठलालाच जाब विचारते. शिवाजीमहाराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत पाठवतात, तेव्हा त्यांचे वैराग्य आपल्याला पटते, आणि जिजाईचा संतापही पटतो. दिग्दर्शकांनी तिला कोठेही कजाग ठरवून निकालात काढलेले नाही. अखेरीस वैकुंठाला चलण्याचे बोलावणे ती घरच्या कामापुढे मनावर घेत नाही. तुकोबा वर जातात, ती खाली राहते. भक्ती मोठी की भाकरी, हा प्रश्न चित्रपट सोडवीत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण न्याय देऊन तो आपल्या पदरात टाकतो.

याविरुद्ध काय म्हणता येईल तेही सांगितले पाहिजे. सालोमालोचे पात्र एकसुरी आहे. आकाशातून धान्य बरसणे किंवा गरुडाचे विमान उतरणे ही चमत्कारदृश्ये आजच्या डोळ्यांना भाबडी वाटतील. पण ज्या साध्या, निर्व्याज नजरेने कॅमेरा चूल पाहतो, त्याच नजरेने तो चमत्कार पाहतो. म्हणून चमत्कार या जगाबाहेरचा वाटत नाही. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद पुष्कळांनी तुकोबांचाच अभंग मानले, यावरून त्याची भाषा मूळ परंपरेत किती मुरलेली होती ते कळते.

मग हा चित्रपट जगाच्या यादीत का नाही? त्याचे उत्तर वर येऊन गेले आहे. ज्यांनी तो पाहिलाच नाही ते त्याला मत कसे देणार? ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत होरपळली, तरीही भाजलेले अवशेष जपून ठेवले गेले, इटलीतील बोलोन्या येथे त्यांवर अतिशय कष्टाने काम झाले, आणि २०१५ मध्ये ‘अपू’ची त्रयी नव्या तेजाने पडद्यावर आली. आपल्याकडे काय झाले? भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतील जेमतेम तीस, तेही पुष्कळसे अपुरे, आज उरले आहेत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ नाहीसा झाला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये निघाले तोवर अर्धशतक उलटले होते, आणि २००३ च्या जानेवारीत तेथील नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून पुष्कळ जुना ठेवा भस्मसात झाला. ‘सावकारी पाश’ श्रेष्ठ होता की नव्हता, हा वाद आता कोणालाही घालता येणार नाही. यादीत खालचा क्रमांक मिळणे हा अन्याय असेल. परंतु वादातूनच बाद होणे हा त्याहून फार मोठा अन्याय आहे.

बृहन्महाराष्ट्रातील मंडळांचे याबाबतीत एक विशेष कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. गणेशोत्सवात किंवा वर्धापनदिनी आपण चित्रपट दाखवतो, आणि बहुधा हलकेफुलके काहीतरी निवडतो. वर्षातून एकदा तरी उत्तम प्रत मिळवून, शक्य तर उपशीर्षकांसह, ‘संत तुकाराम’ किंवा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) लावावा, आणि शेजारच्या बंगाली, तमिळ, पंजाबी सहकाऱ्यांना अगत्याने बोलवावे. खेळ संपल्यावर चहाबरोबर वाद घालावा. आपल्याला भाषा येते म्हणून एखादे दृश्य आवडले, की भाषा न येणाऱ्यालाही ते भिडले, हे त्या वादातच कळेल. जिजाईचा संताप एखाद्या मल्याळी गृहिणीला अनुवादाविना समजला, तर श्रेष्ठतेचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पुढचा कौल २०३२ मध्ये अपेक्षित आहे. त्यात कोण पहिला येतो याची आम्हांस फारशी उत्सुकता नाही. आपल्या भांडारातील किती चित्रपट तोपर्यंत पाहण्याच्या स्थितीत राहतील, याची काळजी मात्र आहे.